अंडकोषाची सूज आणि दुखणं: घरी काय तपासायचं, कधी धावायचं, कधी थांबायचं

अंडकोषाच्या तक्रारींत घड्याळ बघून पळावं लागतं अशा मोजक्याच आहेत. बाकी बहुतेकांना आठवडाभर उशीर झाला तरी बिघडत नाही, काहींना तर आयुष्यभर हात लावायची गरज नसते. आपल्याकडं मराठवाड्यात नेमकं उलटं घडतं. रात्री एकला कळ उठलेला सोळा वर्षांचा पोरगा लाजेपोटी उजाडेपर्यंत गोधडीत मुरगळून पडतो. आणि निरुपद्रवी शीर फुगलेला तरणा गडी बसस्टँडजवळच्या लॉजवर ‘दर मंगळवारी भेटणाऱ्या’ गुप्तरोगवाल्याला हजारो रुपये मोजून येतो. म्हणून इथं रोगांची नावं नंतर. आधी काय विचारायचं, काय बघायचं, कसं चाचपायचं, आणि त्यावरून आज रात्रीच निघायचं की सोमवारची ओपीडी गाठायची, ते.

रचना दोन ओळींत सांगतो. बाहेरची पिशवी म्हणजे अंडकोष. आतल्या दोन गोळ्या म्हणजे वृषण, मोठ्या माणसात साधारण 4 ते 5 सेंटिमीटर लांब. प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला एक मऊ वळकटी चिकटलेली असते, ते अधिवृषण. तिथून वर जांघेकडं जाणारा दोर म्हणजे वृषणरज्जू, त्यातूनच रक्त येतं-जातं. डावं वृषण थोडं खाली लोंबतं आणि दोन्ही अगदी एका मापाची नसतात. यात आजार काही नाही.

पहिली पायरी: दुखणं कसं सुरू झालं?

किती दुखतंय, हा प्रश्न नंतरचा. ‘नेमकं कधी सुरू झालं’ हे आधी विचारा. ‘रात्री झोपेतून जागा झालो’, ‘शाळेतून येताना एकदम कळ आली’ असं वेळेसकट उत्तर आलं आणि वय बारा ते अठराच्या आसपास असलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत वृषणाला पीळ पडला असंच धरायचं. वृषण स्वतःभोवती फिरतं, रज्जूला पीळ बसतो, रक्त थांबतं. काही मुलांत वृषण पिशवीच्या आत नीट चिकटलेलं नसतं, जन्मापासूनच मोकळं लोंबतं, त्यांना हा धोका जास्त. पीळ पडायला मार लागावाच लागतो असं नाही. झोपेतही पडतो. या वयाच्या आधी-नंतर, म्हणजे नवजात बाळात आणि चाळिशीतल्या माणसातही, तो पडलेला दिसतो.

सोबत मळमळ किंवा उलटी असते. दुखऱ्या बाजूचं वृषण वर ओढल्यासारखं, आडवं झालेलं दिसतं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ओढलं की त्या बाजूचं वृषण एरवी वर उचललं जातं, ते उचललं जात नाही. पण या खुणा सापडल्या नाहीत म्हणून घरी थांबायचं नाही.

मुलं खरी जागा सांगतच नाहीत, ही यातली मोठी अडचण. “पोटात दुखायलंय” एवढंच म्हणतात, आणि मग ओवा, सोडा, गॅसची गोळी यात दोन-तीन तास जातात. आईनं संकोच सोडून थेट विचारावं: “लेकरा, खाली गोळीत दुखायलंय का? लाजू नको, सांग.” बापानं किंवा थोरल्या भावानं चड्डी काढून बघावं. पोटदुखीच्या प्रत्येक मुलाची ही जागा बघायची, हा नियम डॉक्टरांनाही लागू आहे.

आता हिशेब. सहा तासांच्या आत पीळ सुटला तर दहातली नऊ वृषणं वाचतात. बारा तासांनी निम्मीच. चोवीस तासांनंतर क्वचित एखादं. किनवट-माहूरकडच्या माणसाला नांदेड गाठायलाच अडीच-तीन तास लागतात. म्हणजे सहापैकी निम्मा वेळ रस्त्यातच गेला. ‘सकाळी बघू’ला त्यात जागा उरत नाही. 108 ला फोन करा, गाडी यायला उशीर होणार असेल तर गावातली जीप काढा. जिल्ह्याचंच ठिकाण गाठलं पाहिजे असं नाही. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडतं, तिकडं जावं. शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि भूलतज्ज्ञ रात्री जिथं हजर असतील ती जागा जवळची. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा: “वृषणाला पीळ पडल्यासारखं वाटतंय, आत्ता ऑपरेशन होईल का?”

वाटेत पाण्याचा घोटही देऊ नका, भूल द्यावी लागणार असते. गावातल्या डॉक्टरानं वेदनाशामक इंजेक्शन दिलं आणि दुखणं कमी झालं, तरी प्रवास थांबवू नका. दुखणं आपोआप एकदम थांबलं तर पीळ स्वतःहून सुटला असेल किंवा वृषण मेलं असेल. दोन्ही गोष्टींत डॉक्टरांनी बघायलाच हवं. लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन सोनोग्राफीवाल्याची वाट न बघता थेट उघडून बघतात, आणि ते बरोबर आहे. उघडून पीळ निघाला नाही तर एक छोटा टाका पडतो, वाट बघत बसलं तर वृषण जातं. ऑपरेशनमध्ये पीळ सोडवून दोन्ही बाजूंची वृषणं आत टाके घालून बांधतात, कारण मोकळेपणाचा दोष बहुधा दोन्हीकडं असतो. एक काढावं लागलं तरी दुसरं चांगलं असेल तर पुरुषत्व आणि मूल होणं, दोन्ही सहसा शाबूत राहतात. सोयरीक ठरवताना यावरून घाबरवणारे भेटतात, त्यांच्याकडं दुर्लक्ष करावं.

‘चेंडू लागला म्हणून दुखतंय’ हे उत्तर जरा सावधपणे घ्या. साधा मार तासाभरात ओसरतो. त्यानंतरही दुखत असेल, सूज वाढत असेल, तर पीळ किंवा वृषण फुटणं, दोन्ही शक्य असतं. बैलाची लाथ, शिंग, मोटारसायकलची टाकी यांनी वृषणाचं आवरण फाटतं, ते लवकर शिवलं तर वाचतं. पिशवी निळी-काळी आणि टणक झाली असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी.

सात ते बारा वर्षांच्या मुलात पिळासारखंच, पण थोडं सौम्य दुखणं येतं. वृषणाच्या वरच्या टोकाला एक नखाएवढा अवशेष असतो, त्याला पीळ पडतो. वरच्या टोकालाच दुखतं, कधी कातडीतून निळसर ठिपका दिसतो. विश्रांती, आधार आणि वेदनाशामकानं ते आठवड्याभरात जातं. पण हा फरक घरी ठरवायचा नाही.

दुसरी पायरी: उभं राहून, आडवं होऊन, बॅटरी लावून

दुखणं अचानक नसेल तर घाई नाही. कोमट पाण्यानं अंघोळ झाल्यावर पिशवी सैल असते, तेव्हा तपासा. आधी उभं राहून दोन्ही हातांची बोटं आणि अंगठे यांच्यामध्ये एकेक वृषण हळूच फिरवा. सगळीकडं गुळगुळीत, किंचित लवचिक लागायला हवं. मागची मऊ वळकटी म्हणजे गाठ नव्हे. बहुतेक तरुण पहिल्यांदा तीच चाचपून घाबरतात.

मग तीन गोष्टी बघा. सुजेच्या वर बोटं नेऊन नुसता रज्जू चिमटीत धरता येतो का? येत असेल तर सूज पिशवीतलीच आहे. बोटं वर जातच नाहीत, सूज जांघेतूनच खाली उतरल्यासारखी वाटते, खोकलं की हाताला धक्का देते, तर ते अंतर्गळ म्हणजे हर्निया. नंतर आडवं व्हा. सूज पोटात परत जाते का, किंवा फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात का? शेवटी अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी सुजेच्या मागं टेकवा. लालसर उजेड आरपार दिसला तर आत पाणी आहे, तो हायड्रोसिल, म्हणजे अंडवृद्धी. पण लहान बाळांत आतड्यातूनही उजेड दिसतो, म्हणून बाळाच्या बाबतीत बॅटरीवर विसंबू नका.

या तीन गोष्टी वहीवर लिहून नेल्या तर ओपीडीतली पाच मिनिटं सत्कारणी लागतात.

वृषणातच कडक गाठ

न दुखणारी, वृषणाच्या आतली, हाताला टणक लागणारी गाठ ही पंधरा ते चाळीस वयात कर्करोगाची असू शकते. आपल्याकडं हा कर्करोग कमी आढळतो, पण लवकर सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पसरल्यावरही बरा होणाऱ्या थोड्या कर्करोगांपैकी तो एक आहे. दुखत नाही म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. वृषण जड वाटणं, किंवा तरुण माणसात अचानक पाणी भरणं, हीसुद्धा कारणं सोनोग्राफीला पुरेशी.

आठवड्याच्या आत सोनोग्राफी. गाठ वृषणाच्या आत निघाली तर रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन तपासण्या होतात. इथं एक गोष्ट ठामपणे सांगतो: पिशवीतून सुई घालून तुकडा काढू द्यायचा नाही. त्यानं पेशी पसरायची भीती असते. तपास आणि उपचार एकाच ऑपरेशनमध्ये, जांघेतून छेद घेऊन, अख्खं वृषण काढूनच होतात. मूल हवं असेल तर केमोथेरपीआधी वीर्य साठवण्याबद्दल विचारा, डॉक्टर घाईत ते सांगायला विसरू शकतात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि धाराशिव-लातूरच्या लोकांना जवळचं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल ही दोन ठिकाणं आपल्या टप्प्यातली आहेत.

वृषणाच्या बाहेर, वरच्या बाजूला, वळकटीत लागणारी गुळगुळीत पाण्याची गाठ वेगळी. ती निरुपद्रवी असते, मोठी होऊन अडचण झाली तरच काढायची.

पाणी भरणं आणि हत्तीरोग

अंडवृद्धीचा माणूस पाच-दहा वर्षं धोतरात झाकून काढतो. सुईनं पाणी काढून घेणं हा इलाज नव्हे. काही आठवड्यांत ते परत भरतं आणि सुईतून जंतू गेले तर पू होतो. छोटी, न दुखणारी सूज तशीच ठेवली तरी चालते, मात्र सोनोग्राफीनं आतलं वृषण एकदा बघून घ्यावं. मोठी असेल, चालताना घासत असेल, तर ऑपरेशन. ते लहानच असतं.

नांदेड, लातूर आणि धाराशिव हे हत्तीरोगाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात, त्यामुळं या भागात अंडवृद्धी म्हटली की हत्तीरोगाचा विचार करावाच लागतो. त्याचे सूक्ष्म जंत रात्री रक्तात फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना रात्री घ्यायला येतात. दारात आलेल्याला परत पाठवू नका. गोळ्या जंतांवर काम करतात, साचलेलं जुनं पाणी त्यानं जात नाही, त्यासाठी ऑपरेशनच. हा डास घाण पाण्यात वाढतो. संडासच्या टाकीच्या पाइपाला तोंडाशी जाळी बांधणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

अंतर्गळ आणि ऊसतोडीचा हंगाम

हर्निया असा आजार आहे की रोगाइतकाच हंगामही बघावा लागतो. बीड जिल्ह्यातले मजूर दसऱ्यानंतर फडावर जातात, उचल घेतलेली असते, मुकादम मागं लागलेला असतो. जांघेतली गाठ घेऊन माणूस मोळ्या उचलत राहतो. जाळी बसवून केलेल्या ऑपरेशननंतर जड उचलण्यापासून चार ते सहा आठवडे लांब राहावं लागतं. म्हणून हंगाम संपून गावी आल्या आल्या, पेरणीच्या आधी, हे काम उरकून घ्यावं. कमरेचा पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही.

एक धोका मात्र फडावरही ओळखता यायला हवा. एरवी आत जाणारी गाठ आत जाईना, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या होतात, वारा सरत नाही, म्हणजे आतडं अडकलं. जबरदस्तीनं दाबून आत ढकलू नका. तास मोजायचे, कारखाना कोणत्याही जिल्ह्यात असो, जवळचं ऑपरेशन होणारं रुग्णालय गाठायचं. पिळानंतरचं हे दुसरं घड्याळ.

हळूहळू वाढणारं दुखणं

दोन-तीन दिवसांत वाढत गेलेली कळ, ताप, लघवीला जळजळ, मागची वळकटी सुजलेली आणि हात लावू न देणारी: हा बहुधा अधिवृषणाचा जंतुसंसर्ग. तरुण वयात तो बऱ्याचदा लैंगिक संबंधातून येतो, मग जोडीदाराचाही उपचार हवा, नाहीतर पुन्हा होतो. उतारवयात प्रोस्टेट वाढून लघवी तुंबणं हे मागचं कारण असतं. लघवीची तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितलेले 10 ते 14 दिवसांचे प्रतिजैविक पूर्ण घ्या. मेडिकलवर जाऊन तीन दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या, हे इथं महागात पडतं. लंगोट किंवा घट्ट चड्डीचा आधार, पडून राहणं आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ यानं ठणका बराच उतरतो. सूज कमी व्हायला काही आठवडे लागतात.

औषधं पूर्ण होऊनही गाठ तशीच राहिली तर दोन शक्यता तपासा. एक, आत कर्करोगाची गाठ. दुसरी, क्षयरोग. महिनोन्‌महिने न दुखणारी कडक वळकटी, रज्जूत ठिकठिकाणी गाठी, पिशवीच्या कातडीला छिद्र पडून वाहणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं हे क्षयाकडं बोट दाखवतं. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहसा सहा महिने.

गालफुगीनंतर चार-आठ दिवसांनी वयात आलेल्या मुलाचं वृषण सुजू शकतं. सरकारी लसीकरणातल्या एमआर लशीत गालफुगीचं संरक्षण नाही, ते एमएमआर लशीत असतं, ती खासगीत घ्यावी लागते. अशा सुजेनं वृषण थोडं लहान होतं, दोन्ही बाजूंनी वांझपण येणं विरळ.

आणि मुतखडा विसरू नका. मूत्रनळीत अडकलेल्या खड्याची कळ कमरेतून निघून थेट गोळीत उतरते. वृषण हात लावल्यावर दुखत नाही, माणूस मात्र तळमळतो. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात राबून दिवसभर पाणी न पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मधुमेही किंवा दारू पिणाऱ्या माणसाची पिशवी एकदम लाल, भयंकर दुखरी, मग काळपट, दुर्गंधीयुक्त झाली तर ते सडणं तासातासाला पसरतं. जीवही जातो. तिसरं घड्याळ हे.

फुगलेल्या शिरा, मूल आणि बाजार

व्हेरिकोसिल, म्हणजे पिशवीतल्या फुगलेल्या शिरा, हे भीतीचं सगळ्यात मोठं दुकान आहे. डाव्या बाजूला, उभं राहिल्यावर गांडुळांची पिशवी हाताला लागावी तशा शिरा लागतात, आडवं झालं की विरतात. साधारण सातातल्या एका पुरुषाला हे असतं आणि त्यातल्या अनेकांना मुलं होतात. दुखत नसेल, मूल झालेलं असेल, तर काही करू नका. लग्नाआधी ‘ऑपरेशन केलं नाही तर बाप होणार नाही’ असं कुणी सांगितलं तर उठून यावं.

ऑपरेशनचा विचार कधी? वर्षभर प्रयत्न करूनही मूल नाही, शिरा हाताला लागण्याइतक्या मोठ्या आहेत आणि वीर्य तपासणी खरंच कमी आली आहे तेव्हा; किंवा वाढत्या वयाच्या मुलाचं त्या बाजूचं वृषण लहान राहात असेल तेव्हा. वीर्य तपासणी 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता करायची आणि एकदा कमी आली तर काही आठवड्यांनी पुन्हा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळं ऑपरेशनचा फरक तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. मूल होत नाही म्हणून आधी सुनेच्या तपासण्या वर्षभर चालतात आणि नवऱ्याची ही एक तपासणी शेवटी होते, हा क्रम उलटा करा.

फक्त उजवीकडच्या शिरा, किंवा चाळिशीनंतर एकाएकी आलेल्या आणि आडवं झाल्यावरही न विरणाऱ्या शिरा असतील, तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंड बघायला हवं.

लहान मुलं

बाळाला तेल लावताना दोन्ही गोळ्या हाताला लागतात का ते आजीनं बघावं. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत तीनेकांना जन्मताना एक गोळी खाली नसते, अपुऱ्या दिवसांच्यांत हे प्रमाण बरंच जास्त. बहुतेकांची पहिल्या सहा महिन्यांत उतरते. त्यानंतर स्वतःहून उतरण्याची आशा फारशी नसते, म्हणून सहा महिन्यांना बालरोग सर्जनला दाखवून 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन. ‘वयात आल्यावर उतरंल’ हा सल्ला ऐकू नका, त्यात वृषण निकामी होतं आणि पुढं कर्करोगाचा धोका वाढतो. थंडीत वर जाणारी आणि मांडी घालून बसवल्यावर, गरम हातानं खाली येऊन टिकणारी गोळी मात्र ठीक असते, वर्षातून एकदा बघत राहायचं. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला हे आवर्जून दाखवा.

बाळाच्या पिशवीतलं पाणी वर्ष-दीड वर्षात बहुधा जिरतं. हर्निया जिरत नाही, त्याचं ऑपरेशन लवकर.

खाज

कातडीबद्दल थोडक्यात. गजकर्ण जांघेत येतं, पिशवी बहुधा सोडून देतं. रात्री खाज आणि पिशवीवर कडक पुटकुळ्या असतील, घरातले इतरही खाजवत असतील, तर खरूज. औषध सगळ्या घरानं एकाच रात्री लावायचं. मेडिकलवरची स्टेरॉइड मिसळलेली मलमं इथं अजिबात नकोत. पिशवीची कातडी हाताच्या कातडीपेक्षा चाळीसपट जास्त औषध शोषते. दोन दिवस आराम, मग कातडी पातळ, लाल, जळजळती. कातडीतल्या पांढऱ्या टणक गुठळ्या निरुपद्रवी, फोडू नयेत. जांघेत दुखरं अवधान, म्हणजे सुजलेली गाठ, आलं असेल तर पाय आणि जननेंद्रियावर जखम शोधा.

जाताना आणि आल्यावर

रेशनकार्ड, आधार आणि जुने सोनोग्राफी रिपोर्ट सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. घाटी (छत्रपती संभाजीनगर), आंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सर्जरीच्या ओपीडीचा केसपेपर काढायचा. खिडकीवर सगळ्यांसमोर सांगायला जड वाटत असेल तर ‘जांघेत गाठ’ एवढंच सांगा, बाकीचं आत.

ऑपरेशननंतर पिशवी सुजते, थोडी निळसर होते, ते दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. पहिले दोन दिवस पडून राहा, लंगोटाचा आधार ठेवा, जखम कोरडी ठेवा. मोटारसायकल आणि सायकल दोन आठवडे बंद. सूज एकदम नारळाएवढी झाली, ताप आला किंवा टाक्यांतून पू आला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच वॉर्डात परत जा.